सहलीचा एक दिवस : प्राचीन लेणी कशी पाहावीत?



धम्मदीक्षा घेतलेल्या घरात काही महिन्यांतच एक प्रश्न उभा राहतो. जत्रा सुटली, नवस सुटले, अष्टविनायकाची गाडी सुटली. आता मुलाबाळांना घेऊन जायचे कुठे? शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत तर हा प्रश्न अधिकच जाणवतो. रांजणगाव शिरूर तालुक्यातच आहे, आणि दौंडकडून भीमा ओलांडली की सिद्धटेक. शेजारीपाजारी गाडी भरून निघतात, मुले दारात उभी राहून पाहतात. "आपल्यात असले काही नसते" एवढे सांगून मुलांचे समाधान होत नाही आणि होऊही नये. जुने सोडले तर त्या जागी नवे आणि चांगले काही ठेवले पाहिजे.

आपल्या या दोन तालुक्यांतून सकाळी निघून रात्री घरी परतता येईल एवढ्या अंतरावर दोन हजार वर्षांपूर्वीची बौद्ध लेणी आहेत. चार मित्रांची कुटुंबे मिळून एक दिवस तिकडे गेली तर तो दिवस सहलीचाही होतो आणि अभ्यासाचाही. मात्र लेणी पाहायची कशी हे ठाऊक नसेल, तर डोंगर चढून, डबा खाऊन, फोटो काढून माणूस जसा गेला तसाच परत येतो. म्हणून हा पाठ.

१. स्थळ पाहण्यामागचा हेतू

महापरिनिब्बान सुत्तात तथागतांनी श्रद्धावंतांनी पाहावीत अशी चार स्थळे सांगितली आहेत. जन्माचे लुंबिनी, संबोधीचे बुद्धगया, पहिल्या प्रवचनाचे सारनाथ आणि महापरिनिर्वाणाचे कुशिनारा. ही स्थळे पाहून मनात संवेग उत्पन्न व्हावा, असे तेथे म्हटले आहे. संवेग म्हणजे मन हलणे, जागे होणे. तेथे गेल्याने पाप धुतले जाते किंवा नवस फळतो असे त्याचे सांगणे नाही. धम्मातील स्थळदर्शन आणि तीर्थयात्रा यांतला फरक तो हाच. यात्रेकरू काही मागण्यासाठी जातो. धम्माचा उपासक समजून घेण्यासाठी जातो.

२. १९३४ सालची एक सहल

मित्रांसह प्राचीन स्थळे पाहण्यास निघालेल्या एका मंडळीची हकीगत प्रत्येक बौद्ध घराला ठाऊक असावी. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती स्वतः लिहून ठेवली आहे. त्यांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत ती आहे. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने हे लेखन १९९० साली पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध केले.

१९३४ साली चळवळीतील काही सहकाऱ्यांनी सहलीला जाण्याची इच्छा व्यक्त केली आणि बाबासाहेबांनी बरोबर यावे असा आग्रह धरला. बाबासाहेबांनी होकार दिला. काहीही झाले तरी वेरूळची बौद्ध लेणी पाहायचीच, असे ठरले. नाशिकला सर्वजण एकत्र आले. मंडळी सुमारे तीस. काही बसगाड्या आणि मोटारी भाड्याने घेऊन ते येवल्याच्या मार्गाने औरंगाबादकडे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरकडे निघाले. तो मुलूख तेव्हा निजामाचा होता. सहलीचा कार्यक्रम मुद्दामच जाहीर केलेला नव्हता. अस्पृश्य प्रवाशाला वाटेत काय काय सोसावे लागते हे सर्वांना माहीत होते.

वाटेत दौलताबादचा किल्ला होता. यादवांची ही राजधानी, रामदेवरायाचे हे ठिकाण. ते टाळून पुढे जाणे योग्य नव्हते. गावाच्या वेशीवर आपले लोक चहा-फराळ घेऊन वाट पाहत थांबले होते. चहाची गरज सर्वांनाच होती. पण अंधार पडण्यापूर्वी किल्ला पाहायचा म्हणून परतताना चहा घेऊ असे सांगून मंडळी पुढे गेली. किल्ल्याच्या दरवाजाबाहेर काठोकाठ भरलेले एक छोटे तळे होते, त्याच्या भोवती दगडी फरसबंदी. प्रवासाच्या धुळीने सगळे माखलेले. काहींनी त्या पाण्याने हातपाय-तोंड धुतले.

एवढेच घडले होते. दरवाजातून आत जाण्याची परवानगी विचारीत असता मागून एक वृद्ध मुसलमान ओरडत आला की, अस्पृश्यांनी तळे बाटवले. रमजानचा महिना होता. पाहता पाहता जमाव जमला, शिवीगाळ सुरू झाली, स्थानिक अस्पृश्यांनाही दटावण्यात आले. बाहेरून आलेल्यांना येथील रीत ठाऊक नव्हती, ही बाब कोणी ऐकून घेईना. तेव्हा बाबासाहेबांनी त्यांना विचारले की, उद्या एखादा अस्पृश्य मुसलमान झाला तर त्यालाही तुम्ही या तळ्यावर अडवाल काय? या प्रश्नावर जमाव गप्प झाला. अखेर किल्ला पाहण्याची परवानगी मिळाली, पण एका अटीवर : किल्ल्यात कोठेही पाण्याला हात लावायचा नाही. त्यावर लक्ष ठेवण्यासाठी एक हत्यारबंद शिपाई बरोबर देण्यात आला.

या प्रसंगावरून बाबासाहेबांनी काढलेला निष्कर्ष असा की, हिंदूंना जो अस्पृश्य तो मुसलमानांनाही अस्पृश्यच राहतो. एका धर्माच्या लोकांवर राग धरावा म्हणून ही हकीगत येथे दिलेली नाही. शिवाशिवीचा रोग एका समाजातून दुसऱ्या समाजात कसा पसरतो, हे त्यातून कळते. साल लक्षात ठेवा. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला होता. त्यानंतर सात वर्षांनी दौलताबादचे हे तळे. आणि ज्या येवल्यावरून ही मंडळी गेली, त्याच येवल्यात पुढच्या वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, धर्मांतराची घोषणा झाली.

३. पोढी म्हणजे काय?

आता लेण्यांकडे वळू. सह्याद्रीतील कोणत्याही बौद्ध लेण्यात तीन गोष्टी ओळखायला शिका.

पहिली, चैत्यगृह. लांबट दालन, मागची बाजू बहुधा अर्धगोल, आत दगडाचा स्तूप. येथे वंदना होत असे. जुन्या लेण्यांत बुद्धाची मूर्ती दिसत नाही, म्हणून गोंधळू नका. त्या काळी स्तूपालाच वंदन करीत.

दुसरी, विहार. मधे चौक आणि कडेने लहान लहान खोल्या, त्यांत दगडी ओटे. हे भिक्खूंचे राहण्याचे ठिकाण. पावसाळ्याचे तीन महिने भिक्खू एका जागी राहत, तो वर्षावास.

तिसरी गोष्ट बहुतेक जण पाहतच नाहीत, आणि आजच्या पाठात तीच सर्वांत महत्त्वाची. ती म्हणजे पाण्याचे टाके. लेण्यांतील प्राकृत लेखांत त्याला 'पोढी' म्हटले आहे. खडक कोरून खाली हौद करायचा, वर लहान तोंड ठेवायचे, पावसाचे पाणी पन्हाळी कोरून त्यात वळवायचे. डोंगराच्या कडेवर, जेथे विहीर खणता येत नाही, तेथे उन्हाळाभर पाणी पुरवण्याची ही सोय. भिक्खूच्या आठ परिष्कारांत, म्हणजे जवळ बाळगण्याच्या आठ वस्तूंत, पाणी गाळण्याचे वस्त्र आहे. पाण्यातील जीवांची हिंसा होऊ नये आणि पाणी शुद्ध मिळावे, हा त्याचा हेतू. माणसाच्या स्पर्शाने पाणी बाटते, ही कल्पना त्यात कोठेही नाही.

४. पाणी कोणी दिले?

लेण्यांच्या भिंतींवर धम्मलिपीत, म्हणजे ब्राह्मीत, लेख कोरलेले आहेत. त्यांत 'देयधम' हा शब्द वारंवार येतो. त्याचा अर्थ धम्मदान. कोणी काय दिले याची ती नोंद असते. काही नोंदी पाहा.

जुन्नरला इरिल नावाच्या यवनाने दोन पोढी दिल्या. यवन म्हणजे ग्रीक वंशाचा परदेशी. तेथेच धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे संघटनेने, सात खोल्यांचे लेणे आणि एक पोढी दिली. नहपान या क्षत्रप राजाचा अमात्य अयम याने ४६ व्या वर्षी मंडप आणि पोढी दिल्याचा लेख मानमोडीच्या डोंगरात आहे. भाजे येथे विण्हुदत्त नावाच्या महारठीने पोढी दिली. बेडसे येथे टाक्याजवळच्या लेखात सामडिनिका या महारठिनीचे, म्हणजे एका स्त्रीचे, दान नोंदले आहे.

परदेशी माणूस, व्यापाऱ्यांची संघटना, राजाचा अमात्य, सरदार, स्त्री. पाणी देणाऱ्यांत हे सगळे आहेत. जुन्नरच्याच लेखांत बांबूचे काम करणारे वंसकार आणि काशाची भांडी करणारे कासाकार यांच्या श्रेणींचीही नावे आहेत. पुढच्या काळात ज्या हातांच्या कामाला हलके मानले गेले, त्या हातांची नावे तेथे मानाने कोरलेली आहेत. कार्ल्याच्या चैत्यगृहात सामी नावाच्या सुताराचे नाव आहे, सिंहदत्त नावाच्या गंध्याचे आहे, आसाढमिता या भिक्खुणीचेही आहे.

हे दान संघाला होते. आणि संघात प्रवेश करताना जात गळून पडत असे. उपाली न्हावी होता, सुनीत झाडूवाला होता. आनंद आणि प्रकृती यांची कथा आपण 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात वाचतो. चांडाळ कन्येकडे आनंदाने पाणी मागितले. ती आपल्या जातीमुळे कचरली. तेव्हा आपण पाणी मागितले आहे, जात विचारलेली नाही, असे त्याने तिला सांगितले. लेण्यांतील टाकी ही त्याच विचाराच्या परंपरेतली आहेत.

आता दौलताबादचे तळे आणि जुन्नरची पोढी शेजारी शेजारी ठेवून पाहा. बाबासाहेब वेरूळची बौद्ध लेणी पाहायला निघाले होते. वाटेत त्यांना पाण्यावर हत्यारबंद पहारा भेटला. ज्या देशात परदेशी यवनाने डोंगरात पाण्याचे टाके कोरून दिले, त्याच देशात याच मातीतल्या माणसाला हातपाय धुतले म्हणून अडवले गेले. मधल्या शतकांत काय हरवले, हे समजून घेण्यासाठी लेणी पाहायची. १९५० च्या जानेवारीत अमलात आलेल्या संविधानाने सतराव्या अनुच्छेदात अस्पृश्यता नष्ट केली आणि पंधराव्या अनुच्छेदात सार्वजनिक विहिरी, तळी, घाट यांच्या वापराबाबत भेदभावाला मनाई केली. तो अनुच्छेद वाचताना दौलताबाद आठवावे.

५. शिरूरहून आणि दौंडहून

शिरूरच्या कुटुंबांना जुन्नर सोयीचे. नारायणगावमार्गे जावे. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक खोदकामे आहेत; एका दिवसात सगळी पाहण्याचा हव्यास नको. लेण्याद्रीचा डोंगर आणि तुळजा लेणी एवढे पुरे. लेण्याद्रीला सुमारे तीनशे पायऱ्या आहेत, तेव्हा वृद्धांना घेऊन सावकाश चढावे. तेथील सहाव्या क्रमांकाचे लेणे चैत्यगृह आहे. कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त याने ते दान दिल्याचा लेख त्यावर आहे. कल्याणचा माणूस जुन्नरला दान का देतो, हे मुलांना विचारा. उत्तर नाणेघाटात आहे. कोकणातील बंदरांचा माल त्या घाटाने जुन्नरला चढत असे. तुळजा लेण्यात गोल चैत्यगृह आहे, स्तूपाभोवती बारा खांबांचे कडे. असे चैत्यगृह क्वचितच दिसते.

दौंडच्या कुटुंबांना रेल्वे जवळची. दौंडहून पुणे, पुण्याहून लोणावळ्याच्या लोकलने मळवली. स्टेशनच्या एका अंगाला भाजे, दुसऱ्या अंगाला कार्ले. सकाळी भाजे पाहावे. तेथे एकत्र उभे असलेले चौदा स्तूप आहेत. काहींवर थेरांची नावे कोरलेली आहेत. दुपारनंतर कार्ले. येथील चैत्यगृह सुमारे १२४ फूट लांब असून त्यात ३७ खांब आहेत. वरच्या कमानीतील लाकडी फासळ्या मूळच्या आहेत. वेजयंती, म्हणजे कर्नाटकातील बनवासी, येथील भूतपाल श्रेष्ठीचे नाव या चैत्यगृहाच्या लेखात आहे.

पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या होतात. लहान मुले बरोबर असतील तर हिवाळ्यात जावे.

६. घरातील वडीलधाऱ्यांचा प्रश्न

येथे एक नाजूक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. लेण्याद्रीचे सातवे लेणे मूळचा बौद्ध विहार आहे. वीस खोल्यांचे, मधे एकही खांब नसलेले मोठे दालन. आज तेथे गिरिजात्मज गणपतीचे मंदिर आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहासमोर एकवीरेचे देऊळ आहे. बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी तिसरी प्रतिज्ञा गौरी-गणपतीविषयीच आहे. आपण ती घेतली आहे. पण बरोबर आलेल्या म्हाताऱ्या आईने जन्मभराच्या सवयीने हात जोडले, तर काय करावे?

चारचौघांत तिला बोलू नये. आई जे करते ते तिच्या आईने शिकवलेले आहे. प्रतिज्ञा ज्याची त्याने घ्यायची आणि ज्याची त्याने पाळायची असते. आपली प्रतिज्ञा आपण पाळावी. आईचा हात धरून तिला शेजारच्या सहाव्या लेण्यात न्यावे, स्तूपासमोर बसवावे, तिसरण-पंचशील म्हणावे. मग विहारातील खोल्या दाखवून सांगावे की, "आई, इथे भिक्खू राहत होते. हा ओटा निजायचा. ते टाके पाण्याचे." डोळ्यांनी पाहिलेली खोली वादापेक्षा जास्त काम करते. दर्शनाला आलेल्या इतर लोकांशीही हुज्जत घालू नये. इतिहास नम्रपणे सांगावा. कोणी ऐकले तर उत्तम, नाही ऐकले तरी आपली मैत्री ढळू देऊ नये.

७. जुने ते सगळे बौद्ध नव्हे

नवीन श्रद्धेच्या उत्साहात एक चूक होण्यासारखी असते. जुना दगड दिसला की तो बौद्ध, असे म्हणण्याचा मोह होतो. वेरूळला ३४ लेणी आहेत. त्यांतील पहिली १२ बौद्ध, पुढची १७ हिंदू आणि शेवटची ५ जैन. जे आपले आहे ते पुराव्याने आपले म्हणावे. जे दुसऱ्याचे आहे ते दुसऱ्याचे म्हणावे. केवळ ऐकीव आहे म्हणून, परंपरा आहे म्हणून काही मानू नये, असे तथागतांनी कालामांना सांगितले. ती कसोटी आपल्या बोलण्यालाही लागू आहे.

शिरूर तालुक्यातच याचे उत्तम उदाहरण आहे. घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ पासून बारा-तेरा वर्षांहून अधिक काळ उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी ही त्यातली प्रमुख नावे. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातील ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांचे गाव तेथे सापडले. शंभराहून अधिक घरांचे अवशेष, रंगवलेली मडकी, सातूचे दाणे, नदीच्या पुराचे पाणी वळवण्यासाठी घातलेला बांध आणि पाट. मेलेल्या लहान मुलांना दोन रांजणांत, तोंडाला तोंड लावून, घराच्या जमिनीखालीच पुरत असत. मूल गेले तरी घरातच राहावे, असे त्या आईबापांना वाटत असेल काय? हे गाव तथागतांच्या कितीतरी आधीचे. ते बौद्ध नव्हे. पण ती माणसे आपल्याच मातीतली, आणि दुःख त्यांनाही होते. अशा गावाच्या अवशेषांपुढे उभे राहिले की पहिले आर्यसत्य पुस्तकाबाहेर येते.

८. लेण्यात पाळावयाचे नियम

(१) भिंतीवर, खांबावर नाव लिहू नये. १९५८ च्या कायद्याने संरक्षित स्मारकाची नासधूस हा गुन्हा आहे. दान देणाऱ्यांची नावे तेथे आहेत, कारण त्यांनी काही दिले.

(२) दगडावर तेल, रंग, हळदकुंकू लावू नये. लेण्यात मेणबत्त्या-उदबत्त्यांचा धूर करू नये. दगड काळा पडतो आणि लेख दिसेनासे होतात. दोन फुले आणि शांतपणे म्हटलेले त्रिशरण पुरेसे आहे.

(३) लेखावर खडू ओढू नये, पाणी ओतू नये. तिरप्या उन्हात अक्षरे आपोआप दिसतात.

(४) टाक्यात कचरा टाकू नये, पाय धुऊ नयेत. ते पाणी आज साचलेले असते, तेव्हा पिण्याचे पाणी घरून न्यावे आणि थोडे जास्तच न्यावे. वाटेत कोणी तहानलेला भेटला तर त्याला आधी द्यावे, आणि तो कोण हे विचारू नये.

(५) खाण्यापूर्वी पाच मिनिटे सर्वांनी मौन बसावे. लहान मुलेही बसतात, मोठे बसले तर.

९. घरी परतल्यावर

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी सहलीला गेलेल्या कुटुंबांनी एकत्र बसावे. मुलांना पुढील प्रश्न विचारावेत आणि मोठ्यांनीही उत्तरे द्यावीत.

१. चैत्यगृह आणि विहार यांत फरक कोणता? तुम्ही पाहिलेल्या विहारात किती खोल्या होत्या?

२. 'पोढी' आणि 'देयधम' या शब्दांचे अर्थ सांगा. 'देयधम' हा शब्द धम्मलिपीत लिहून पाहा.

३. १९३४ च्या सहलीचा कार्यक्रम जाहीर का केला नव्हता?

४. लेण्यांना दान देणाऱ्या दोन स्त्रिया आणि दोन कारागीर यांची नावे सांगा.

५. आपल्या गावात सार्वजनिक पाण्यावर आज सर्वांना सारखा हक्क आहे काय? नसेल तर त्यासाठी आपण काय करणार?

पाचव्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही लेण्याच्या भिंतीवर सापडणार नाही. ते आपल्या गावात, नळावर आणि विहिरीवर उभे राहून शोधायचे आहे. जेथे पाणी अडवले जात असेल तेथे ते मोकळे करण्यासाठी कायद्याच्या मार्गाने उभे राहावे. आणि जेथे मोकळे असेल तेथे उन्हाळ्यात चार कुटुंबांनी मिळून एक पाणपोई घालावी. आपल्या हातून घडणारा तो देयधम ठरेल.

जय भीम.